संतोषची याडी, मीटर बरोबर केलं

संतोषची याडी,

तांड्यातल्या बायांनी तुह्यासाठी सगळं रडून घेतलं. ट्रकाच्या मीटरचं तेवढं राह्यलं.

आपल्या बाया कशा रडतात तुले माहीत हाय, तूच त्यात पुढं राहे. एकमेकीच्या गळ्यात पडायचं, पदर तोंडावर घ्यायचा अन् गेलेल्या माणसाशी बोलत बोलत रडायचं. तू कोणाचं बाळंतपण केलं, कोणाच्या लग्नात रातभर पोळ्या लाटल्या, कोणाशी अबोला धरला अन् मंग कसा सोडला, सगळं सुरात. मी बाहेर माणसायत बसून ऐकून राह्यलो होतो. एकीनं म्हटलं, ट्रकात बसून मुलूख पाह्यलेली माही बाई गेली. ट्रकाचं तेवढंच. लगेच दुसरीनं तुह्या लोणच्याचं काढलं अन् ट्रक मागं पडला. मले उठून सांगावं वाटलं, अव बायांनो, मीटरचं रडा ना. पण माणसानं असं रडायची आपल्यात रीत नाही. माणसं बिड्या ओढतात अन् कापसाच्या भावाचं बोलतात. म्हणून लिहून राह्यलो. चौथीपर्यंत शिकलो, त्याच्यानंतर ट्रकाच्या मागच्या फळीवर नाव लिहिलं, बाकी काही नाही. चुकलं तं चुकलं. तू कुठं वाचून राह्यली.

काम असं हाय. तेरवी झाली. आपला पोरगा संतोष म्हणते, बा, आता ट्रक मी वणीले नेतो, कोळशाच्या कामावर लावतो, तुही उमर झाली. ने म्हटलं. ट्रकासाठी मी जीव नाही टाकत. पण तो म्हणते, न्यायच्या आधी मीटर बरोबर करून घेऊ, पासिंगले लागते, अन् याडी मरेपर्यंत तेच म्हणत होती. तिथं मी अडलो. ट्रक ने, मीटरले हात लावू नोको, असं म्हटलं मी त्याले. पोरगा माह्या तोंडाकडे पाहतच राह्यला. म्हाताऱ्याचं डोकं सरकलं असं वाटलं असंल त्याले.

त्याले काय माहीत. तुहं माहं एवढं एकच भांडण उरलं होतं. बाकीचे सगळे तू जिवंत असतानाच मिटले, नाहीतर आपण दोघं विसरून गेलो. हे चालू होतं तोवर वाटे, तू बाजूच्या घरी गेली अन् येऊन पुढचं बोलशीन. हे मिटलं का मंग काहीच नाही.

मोठे टायर कसे आले ते तुले अर्धंच माहीत हाय. बोरी अरबच्या पलीकडं त्या पाटलाच्या वावरात कापूस उचलाले गेलतो, अवकाळी पाणी पडून गेलतं. भरलेला ट्रक काळ्या मातीत बसला. मी वर बसून रेस देऊन राह्यलो अन् तू खाली चाकाखाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या कोंबून राह्यली. चाकानं एकदम पकड घेतली, चिखलाचा फवारा उडाला अन् तू पाठीवर पडली. मी उतरून धावत आलो, तं तुहे नुसते दात दिसून राह्यले होते. मले हसू आलं. मी काय करू, आलं.

"हसा, हसा," तू म्हणाली. "रस्त्यात कोणी इचारलं तं सांगजा, आज कापूस नाही, कोळसा भरला."

तू पण हसली. पण उठताना तू कमरेले हात लावला अन् तोंड फिरवून घेतलं, ते मी पाह्यलं. पाह्यलं तसं दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी नेरले सलीम मिस्त्रीकडं गेलो, म्हटलं, सलीमभाई, मोठे टायर टाक. गाडी चिखलात फसली नाही पाह्यजे.

तो म्हणाला, "भाऊ, बड़े टायर डालेंगे तो पाटे बढाने पडेंगे, गाडी उठानी पडेगी. और मीटर कम दिखाएगा, पहले बोल के रखता हूँ."

"मीटरले मारो गोळी," मी म्हटलं.

तू घरी इचारलं, काहून लावले एवढे मोठे टायर? मी म्हटलं, गाडी रुबाबात दिसते. तू म्हणाली, नवरदेव म्हातारा अन् घोडा ताजा. तांड्यातले पोट्टे फिदीफिदी हसले. मी तुले खरं कारण सांगितलं नाही. नंतर सांगायचं राहून गेलं, अन् मंग सांगाले उशीर झाला असं वाटलं. एवढ्या वर्षानं बायकोले काय सांगायचं, का तुह्या कमरेसाठी टायर बदलले? लाज वाटते माणसाले.

तुहा एक गुण होता. ट्रक कोणताही असो, रस्ता कोणताही असो, पंचावन्नाच्या वर गेला का तुहा डावा हात आपोआप खिडकीजवळच्या दांड्याले जाये. डोळे मिटून असली तरी जाये. सुपारी कातरून राह्यली असली तं अडकित्ता मांडीत पडे अन् हात दांड्यावर. आधीच्या टायरवर काटा पंचावन्नाले टेकला का तुहा हात टेके. मी काटा पाह्यतच नव्हतो, तुहा हातच पाहो.

मोठे टायर लावून पयल्यांदा दारव्ह्याले निघालो, तं काटा पन्नासावर अन् तुहा हात दांड्यावर.

"अव, पन्नास हाय. कायले भेते?"

"मी कुठी भेऊन राह्यली? हात भेते."

"काटा पाह्य ना मंग."

"काट्याशी लगन लावलं नव्हतं मी. जोरात चालून राह्यले तुमी, कमी करा."

मी म्हटलं टायर नवे हायेत, गाडी उंच झाली, म्हणून तुले तसं वाटते. तू चूप बसली. तू चूप बसली का मले समजे, काही तरी शिजून राह्यलं. तू रस्त्याकडंचे दगड पाहून राह्यली होती, किलोमीटरचे. दारव्हा आलं तशी म्हणाली, दगडावर जेवढं लिहिलं तेवढं तुमच्या मीटरवर नाही चढलं.

"सरकारनं दगड चुकीचे रोवले असतील."

"अन् मागच्या बजाराले बरोबर होते? दगड कुठी चालून राह्यले का?"

मी म्हटलं, मोठ्या टायरनं रस्ता लवकर कटते, म्हणून मीटरवर कमी येते. हे माह्या तोंडातून निघालं अन् मलेच गडबड वाटली. तू तं ट्रकातच टाळी वाजवली.

"म्हणजे तुमी टायर लावले म्हणून दारव्हा उठून आपल्याकडं सरकलं? बरं झालं, आणखी मोठे लावा. नागपूरचा बजार बोरीत भरवू."

तुह्या आजोबा-पणजोबाईनं बैलावर मीठ वाहिलं. मुक्कामापासून मुक्कामापर्यंत किती चाल हाय, ते त्यांच्या पायाले माहीत राहे. तू म्हणे, रस्ता माणसाचं ऐकत नाही, माणसानं रस्त्याचं ऐकावं. मी म्हणो, तुहे आजोबा बैल हाकत, त्याले काय मीटर होतं? तू म्हणे, नव्हतं म्हणूनच खोटं बोललं नाही.

मी तुले नेरले घेऊन गेलो, सलीमच्या पुढं उभं केलं. मले वाटलं तो माह्या बाजूनं बोलंन. त्यानं तं चिंध्यानं हात पुसत सगळं सांगितलं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता खाते. मीटर रस्ता नाही मोजत, फेरे मोजते. फेरे कमी झाले तं काटा कमी दाखवते. गाडी पंचावन्नानं पळते अन् काटा पन्नास म्हणते.

"भाऊ, तेरा मीटर झूठा है," तो म्हणाला. "भाभीका हाथ सच्चा है."

तू त्या दिवशी नेरच्या हॉटेलात भजे खाल्ले, एरवी तू बाहेरचं खाये नाही. आठवडाभर तांड्यात सांगत फिरली. म्हाताऱ्या मले रस्त्यानं थांबवून इचारत, काय रे, तुही बायको काय मिस्त्रीन झाली?

सलीम तेव्हाच म्हणाला होता, गिअरबॉक्साजवळ मीटरच्या वायरीले एक लहानी गरारी, दाताचं चाक, राहते, ती कमी दाताची टाकली का काटा खरा होते. टाकून देतो. मी नाही म्हटलं. मले फरक माहीत झाला, आता गरारी कायले? काटा पन्नास म्हणाला का पंचावन्न समजायचं, झालं. ट्रक मी चालवतो. मीटर नाही चालवत.

मी चुकलो असं मी अजून म्हणत नाही. हे तू ध्यानात ठेव. मरून गेली म्हणून तुहं खरं, असं होत नाही.

तू म्हणे, मंग मीटर ठेवलं कायले? काढून टाका, त्या जागी आपल्या देवाचा, सेवाभायाचा फोटो लावा, तो तरी खरा हाय. मी म्हणो, फोटोले काटा नाही. तू म्हणे, तुमच्या मीटरले अक्कल नाही. असं वर्षावर वर्ष. नेरच्या कापसाले जाताना, यवतमाळले सरकी नेताना, रिकाम्या गाडीनं वापस येताना. आपण दोघं काही बोलके नव्हतो. घरात तुहं चुलीजवळ, माहं बाजेवर. दिवसाकाठी जेवण झालं का, ढोरं बांधले का, एवढं बोलणं. ट्रकात बसलो का मीटर निघे, अन् मीटरवरून संतोषचं निघे, संतोषवरून सुनेचं, सुनेवरून तुह्या बहिणीचं. माहं ऐक, मीटर बरोबर असतं तं आपण यवतमाळपर्यंत मुक्यासारखे गेलो असतो. तू खिडकीतून पाह्यलं असतं अन् मी समोर. मी गरारी बदलली नाही, त्याचं हेही एक कारण होतं. हे पण तुले सांगितलं नाही. तू म्हटलं असतं, बाई गं, म्हाताऱ्याले काय झालं.

गाडी उंच झाली ते मात्र तुले भोवलं. तुहे गुडघे आधीच कुरकुरत होते. पयले तू पाय टाकून एका झटक्यात वर जाये, आता तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्याच्यावर चढे, अन् मी मागून ढकलो. ढकललं का तू मराठी सोडून आपल्या बोलीत येये अन् मले 'तू' म्हणून शिव्या देये. एरवी 'तुमी', शिवी देताना 'तू'. बजारातले लोक पाहून राह्यले तरी तुले फिकीर नाही. मंग एक दिवस डब्यावर उभी राह्यली, एक पाय वर टाकला, अन् थांबली. मी ढकललं. तू म्हणाली, नोको. शिवी नाही दिली. डब्यावरून खाली उतरली अन् घरात गेली. त्यानंतर तू ट्रकात बसली नाही.

चिखलात तुले पऱ्हाट्या कोंबाव्या लागू नये म्हणून टायर लावले अन् त्याच टायरनं तुले ट्रकातून उतरवलं. ह्याचं मी काय करू, मले सांग. कोणाशी भांडू?

एकटा चालवत होतो ते दिवस लय खराब गेले. काटा पन्नासावर आला का माही मान डावीकडं फिरे. तिथं रिकामी गादी. फरक मले माहीत होता, तरी पाह्यल्याशिवाय जिवाले बरं नाही वाटे. घरी आलो का तू बाजेवरून इचारे, मीटर केलं? मी म्हणो, उद्या. तू म्हणे, मी मेल्यावर कराल. मी म्हणो, तू कुठं मरते, तू मले पोचवून जाशीन. रोजचं होतं. ते खरं होईन असं कोणाले वाटलं? मले नाही वाटलं.

मंग पाय सुजले. मंग दम लागाले लागला. मंग त्या सकाळी तुले बसल्या जागी श्वास पुरेना अन् आपण गाडी करून यवतमाळच्या दवाखान्यात निघालो. तू मागच्या सीटवर माह्या मांडीवर. डायव्हर पोरगा चांगला होता, गाडी हाणून राह्यला होता. तुहा हात वर उठून हवेत काही तरी शोधून राह्यला. तिथं दांडा नव्हता. मी तुहा हात धरला.

"कितीवर हाय?" तू इचारलं.

"मले इथून नाही दिसत."

"मंग त्याले हळू म्हणा."

मी त्याले तसं म्हटलं नाही. माह्या मनात एकच, लवकर पोचू दे. तू दोनदा म्हणाली, हळू म्हणा. मी तुह्या तोंडावरून हात फिरवला, हो म्हटलं अन् त्याले काही सांगितलं नाही. दवाखान्यात तू शुद्धीवर होती, पण नाकावर नळी, बोलता येईना. तू माह्याकडं पाहून राह्यली होती अन् मी भिंतीकडं. मले समजत होतं काही तरी बोलावं लागते. टायरचं सांगावं. नाही सांगितलं. बाजूच्या खाटेवरच्या माणसाची बायको फोनवर बोलून राह्यली होती, ते ऐकत बसलो. तू गेली तेव्हा मी खाली चहा आणाले गेलतो.

तं संतोषचं. तेरवीनंतर तो दोन-तीन दिवस चूप राह्यला, मंग सकाळी माह्या बाजेजवळ येऊन बसला. तुह्यासारखंच, आधी चूप अन् मंग बोलणं.

"बा, तुले फरक माहीत हाय. मले नाही माहीत. मी काट्याकडं पाहूनच चालवतो."

"पन्नास म्हणजे पंचावन्न समज."

"अन् घाटात? अन् भरलेल्या गाडीत? याडी म्हणे, संतोषले माहा हात नाही, त्याच्यासाठी मीटर खरं करा." तो उठून उभा राह्यला. "तुले तिच्याशी भांडायचं असंल तं भांड. मले कोळशाच्या रस्त्यावर जायचं हाय."

मले राग आला. असा राग आला का मी उठून ढोराकडं गेलो अन् उगाच दावं सोडून परत बांधलं. पोरगा बरोबर बोलला, त्याचा राग. त्याच्या तोंडानं तू बोलली. वापस येऊन म्हटलं, चल नेरले.

सलीम आता म्हातारा झाला. चष्मा लावते, गाडीखाली जाताना गुडघ्यावर हात ठेवून जाते. तुहं ऐकून त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला. म्हणाला, "भाभी चली गयी, अब मीटर ठीक कराने आया तू?" त्यानं गरारी काढली. एवढी लहानी गोष्ट, संतोषची याडी. माह्या अंगठ्याच्या नखावर मावेल एवढी. तिच्या जागी कमी दाताची बसवली. पयली टाकली ती जास्तच दाखवाले लागली, मंग दुसरी पाह्यली. संतोष चालवून राह्यला, सलीम खिडकीजवळ बसून दगड पाहून राह्यला, मी मधात. दगड अन् मीटर जुळले. परत फिरून पाह्यलं, परत जुळले. सलीम म्हणाला, भाभी होती तो दो मिनट का काम था, ये पत्थर कौन गिनता. मंग तो गॅरेजवर उतरला अन् खिडकीजवळची जागा रिकामी झाली.

मी तिथं सरकलो. एवढ्या वर्षात मी त्या बाजूनं कधी बसलो नव्हतो. तिथून रस्ता वेगळाच दिसते. नाल्या जवळ दिसतात, झाडं अंगावर येतात. तू हे सगळं पाहत होती अन् मले कधी म्हटलं नाही. नाहीतर म्हटलं असंल, अन् मी ऐकलं नसंल.

दारव्हा गेलं तसा रस्ता मोकळा लागला. संतोषनं गाडी वाढवली.

"बा, पंचावन्न झाले बघ. खरे पंचावन्न." पोरगा खूश होता. "आता याडीचा हात गेला असता ना?"

मी डावा हात दांड्याजवळ नेला अन् वाट पाह्यली. डोळे मिटले. म्हटलं काही तरी होईन, पोटात, पायात, कुठी तरी. उभा जन्म ट्रक चालवला, अंगाले एवढं तं समजावं. इंजनाचा आवाज येत होता, वारं लागत होतं. बाकी काही नाही. चाळीस असते तरी तसंच वाटलं असतं, सत्तर असते तरी.

"बा?"

"हो," म्हटलं. "गेला असता."

तुह्या जागेवर बसून तुह्या नावानं बोललो, अन् मले काहीच माहीत नव्हतं. पोरगा माह्यावर भरोसा ठेवून हसला अन् काटा तिथंच धरून ठेवला. भांडण मिटलं. तू जिंकली असं म्हणावं, तं तुले कोण सांगणार? माहंच खरं होतं असं म्हणावं, तं ऐकाले कोण हाय?

बोरी अरबच्या फाट्यावर मी उतरलो. तिथून तांडा जवळ, पायी जाता येते. संतोष म्हणाला, बा, वणीले पोचलो का फोन करतो. मी म्हटलं, हळू जा. तो म्हणाला, आता मीटर खरं हाय, काळजी करू नोको. ट्रक यवतमाळच्या रस्त्याले लागला. मी फाट्यावर उभा राहून पाह्यलं, वळणापर्यंत पाह्यलं. जोरात जाऊन राह्यला का हळू, मले काही समजलं नाही.